आमच्या कॉलनीतली पहिली चोरी

आमच्या कॉलनीत चोरी होत नसे, आणि हे कॉलनीतल्या पुरुषमंडळींचं फार मोठं दुखणं होतं. आज कुणाला सांगितलं तर हसतील, पण खरंच सांगते. हिंगोलीत तेव्हा स्टेशनाकडच्या एका वसाहतीत अधूनमधून घर फुटायचं. कुणाचा टीव्ही जायचा, कुणाचा व्हीसीआर जायचा, कुणाच्या चांदीच्या समया जायच्या. पेपर यायच्या आधी बातमी पानटपरीवर पोचायची आणि आमच्याकडचे लोक ती ऐकून तोंड पाडून घरी यायचे. चोराला त्या वसाहतीचा रस्ता माहीत आणि आमचा माहीत न्हाई, ह्याचा अर्थ काय घ्यायचा? आमच्या समोरच्या घरातले नानासाहेब तर सरळच म्हणायचे, "चोर काय येडे हायेत का? कुठं माल हाय ते बराबर बघतेत. आपल्याकडं येऊन काय नेतील, पितळी बंब?" नानासाहेब सिद्धेश्वरच्या धरणावर नोकरीला होते. सेनगावकडं त्यांची जमीन होती, अंगात कायम कडक इस्त्रीचा सदरा, आणि कॉलनीच्या समितीचे ते अध्यक्ष. समिती कशासाठी आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण अध्यक्ष होते. एकदा त्यांच्या थोरल्या पोरीला बघायला पाहुणे आले. बोलता बोलता पाहुण्यांनी विचारलं, इकडं चोऱ्यामाऱ्या कशा काय? नानासाहेब बेसावधपणे बोलून गेले, "एकबी न्हाई." पाहुणे एकमेकांकडं बघायले. पोहे संपवून गेले ते गेलेच, पुन्हा निरोप काही आला न्हाई. तेव्हापासून नानासाहेबांनी ही गोष्ट फार मनाला लावून घेतली.

चोरी का होत नाही हे चोरांना ठाऊक होतं, नानासाहेबांना नव्हतं. त्याचं कारण माझी माय. आमचं घर गल्लीच्या अगदी तोंडाशी, आणि ओट्यावर मायचं शिलाई मशीन. बाबा एसटीत कंडक्टर. त्यांची पहाटेची ड्युटी असली की अंधारातच भाकऱ्या थापल्याचा आवाज यायचा, मग ठेच्याच्या मिरच्यांचा खाट उठायचा, आम्ही शिंकत शिंकत उठायचो, आणि बाबा सायकलवर टांग टाकून गेले की मशीनची खडखड सुरू व्हायची ती दिवेलागणीपर्यंत. माय मान खाली घालून शिवायची, पण गल्लीत शिरणाऱ्या प्रत्येक माणसाचे पाय तिला दिसायचे. "कोन पायजे?" एवढंच विचारायची. बोहारीण, कल्हईवाला, लॉटरीची तिकिटं विकणारा, सगळ्यांचा पहिला जबाब तिथं. भगव्या कपड्यातला एकजण उगीच घरं न्याहाळत फिरायला लागला, तर माय मशीन न थांबवता म्हणाली, "बाबा, ह्या हप्त्यात दोनदा झालं. आता पुढच्या हप्त्यात या. पायात हे बूट नकोत, साधूवाणी खडावा घालून या." तो पुन्हा दिसला न्हाई.

आणि चाव्या. आमच्या दाराच्या आतल्या अंगाला खिळ्यांची ओळ होती आणि त्या खिळ्यांवर अर्ध्या कॉलनीच्या चाव्या टांगलेल्या असायच्या. कुणी गावाला निघालं की आमच्या ओट्यावरून पुढं जायचं. "कमलबाई, चावी ठिवा बरं. तुळशीला तांब्याभर पाणी घाला. पोपटाला मिरची घाला." माय घालायची. आम्ही जयभीमवाले. आमच्या घरात त्यांची चावी चालायची, आमच्या हातचं पाणी त्यांच्या तुळशीला चालायचं. मायनं चहाचं विचारलं की मात्र प्रत्येकाचा तो आत्ताच झालेला असायचा. इतका चहा पिणारी कॉलनी मी पुढं कुठं पाहिली न्हाई. बाबा डिवचायचे, "कमल, हे लोकं तुला इस्वासानं चावी देतेत का सोयीनं?" माय म्हणायची, "चावीला काय कळतंय त्यातलं? त्याह्यचं घर तर जाग्यावर राहतंय ना." पण मनातून तिला त्या चाव्यांचा अभिमान होता. घरी कुणी पाहुणं आलं की ती दार मुद्दाम लोटून ठेवायची, म्हणजे खिळे दिसावेत.

त्या वर्षी नानासाहेबांनी सुरक्षेचं मनावर घेतलं. चोरी होत नसली म्हणून काय झालं, बंदोबस्त तरी स्टेशनाकडच्यांच्या तोडीचा पाहिजे. दर रविवारी लिंबाखाली मीटिंग. आधी घरोघर शिट्ट्या वाटल्या. चोर दिसला की फुंकायची. चोर कुणालाच दिसला नाही, शिट्ट्या लेकरांना दिसल्या, आणि पुढच्या मीटिंगमध्ये शिट्टी-बंदीचा ठराव झाला. मग कंपाउंडच्या भिंतींवर काचा बसवल्या. पहिल्याच वाऱ्यात नानासाहेबांचा वाळत घातलेला पायजमा त्या काचांवर जाऊन पडला आणि चिंध्या होऊन मायच्या मशीनवर आला. मग 'कुत्र्यापासून सावध राहा' अशा पाट्या लागल्या. कुत्रं फक्त एका घरी होतं आणि पाटी लावली नव्हती ती त्याच घरानं, कारण ते कुत्रं लहान लेकराला बघूनसुद्धा पलंगाखाली जायचं.

आज मी राहते त्या इमारतीत फाटकावर गणवेशातला माणूस आहे, जिन्यात कॅमेरे आहेत. इतकी वर्षं राहून वरच्या मजल्यावर कोण राहतं ते मला ठाऊक नाही, आणि फाटकावरचा माणूस अजून मला विचारतो, "किसके घर जाना है?" मी म्हणते, माझ्याच. तो मग फोन लावून माझ्याच घरी विचारतो आणि घरी कुणी नसल्यामुळं कुणी उचलत नाही. असो, सुरक्षित आहे मी.

तर मीटिंगमध्ये एका रविवारी नानासाहेबांचं सोन्यावर भाषण झालं. "सोनं कपाटात ठेवू नका. चोर आदी कपाट फोडतो. अशा जागी ठेवा की चोराला सपनातबी सुचू नये. आन बाहेर निघताना अंगावर घालू नका, एसटीत गळे कापून राहिलेत लोकं." पुरुषांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन विसरले. नवऱ्याचं भाषण मनावर घेणारी कॉलनीत एकच बाई होती, ती म्हणजे त्यांची बायको, मथुराकाकू. गरीब गाय. नवरा बोलायला लागला की पदर तोंडाशी धरून ऐकायची. थोड्याच दिवसांनी भाऊ आजारी म्हणून काकू माहेरी निघाल्या. निघताना त्यांनी आपली एकदाणी, सोन्याच्या मण्यांची माळ, कपाटातल्या डबीतून काढली आणि मागच्या खोलीत पेरणीसाठी राखलेल्या मुगाच्या बियाण्याच्या पोत्यात खोल खुपसली. बियाण्याला आमच्याकडं कुणी हात लावत नाही. उपाशी माणूसही राखेत घोळलेलं बी शिजवणार नाही, मग चोर कशाला बघतोय? विचार अगदी बरोबर होता. फक्त दोन दिवसांनी नानासाहेब स्वतः सासुरवाडीला निघाले आणि निघण्याआधी त्यांनी बियाण्याची पोती जीपमध्ये घालून गावाकडं धाडली. घराला कुलूप लावलं, चावी मायच्या खिळ्यावर टांगली आणि गेले. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. तेव्हा कळलं ते एवढंच, की दोघं परत आले, चावी घेऊन गेले, आणि थोड्या वेळानं नानासाहेब बनियनवर गल्लीत धावत आले.

"चोरी झाली! आपल्या कॉलनीत चोरी झाली!"

चेहऱ्यावर दुःख होतं, खोटं कशाला बोलू. पण आवाजात पोरगा पास झाल्याचा आनंद होता. कपाटातली डबी रिकामी होती आणि ती ते सगळ्यांना उघडून दाखवत होते. काकू मागून म्हणत होत्या, "अहो, जरा ऐकता का..." नानासाहेब म्हणाले, "तू गप बस. हा सुरक्षेचा विषय हाय." घटकाभरात अंगण भरलं. लोक सांत्वन करत होते ते थोडं अभिनंदनासारखंच वाटत होतं. पानटपरीवर पोचेपर्यंत एकदाणीचं वजन दुप्पट झालं, संध्याकाळी तिच्या जोडीला पाटल्या आल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात 'धाडसी चोरी' म्हणून चार ओळी आल्या. पेपरातली चोरी नेहमी धाडसीच असते, भित्री चोरी मी अजून वाचलेली नाही. नानासाहेबांनी ते कात्रण खिशात ठेवलं आणि धरणावर, बाजारात, जिथं जातील तिथं काढून दाखवलं.

फौजदार आले. कुलूप उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाले, "कुलूप तर साबूत हाय. कडीबी साबूत. म्हणजे चावीनं उघडलं. चावी कुणापाशी हुती?"

कुणी बोट दाखवलं नाही. नुसत्या माना वळल्या, आमच्या ओट्याकडं. मायचं मशीन थांबलं. फौजदार येऊन उभे राहिले.

"चावी तुमच्याकडं हुती?"

"व्हय."

"मधी कुणाला दिली?"

"ज्याह्यची हुती त्याह्यलाच दिली."

"मधी कुणी गेलतं आत?"

"कुनी न्हाई. मी तुळशीला पाणी घातलं, ते अंगनात. आत मीबी न्हाई."

मग एका शिपायानं आमची पेटी उघडली. बाबांचा खाकी ड्रेस, मायचं लग्नातलं लुगडं, माझ्या कॉलेजच्या वह्या एकेक बाहेर आलं आणि तसंच जमिनीवर राहिलं. दारात शेजारणी उभ्या होत्या. मी नानासाहेबांना काहीबाही बोलणार होते, मायनं माझं मनगट असं धरलं की काकणं रुतली. "बघू दे," म्हणाली, "बघितल्याबिगर त्याह्यला कसं कळंल?" त्यांना काही मिळालं नाही. पण काही न मिळाल्यानं सुटका होत नाही. उलट लोक म्हणायला लागले, हुशार हाय बाई, घरात कशाला ठेवंल.

आणि मग चाव्या जायला लागल्या. ते बघणं झडतीपेक्षा वाईट होतं. कुणी रागानं नेली नाही, कुणी तोंडावर बोललं नाही, सगळे मोठे सभ्य लोक. एकजण म्हणाली, "आमच्या ह्याह्यची चावी हरवली, तवा ही नेते." दुसरी म्हणाली, "लेकरू खेळायला चावीच मागून राहिलं, काय करावं." तिसरीनं सांगितलं की त्यांचं आता गावाला जाणंच बंद झालंय. माय प्रत्येकीला चावी काढून द्यायची आणि म्हणायची, "न्या की, तुमचीच हाय." शिवायला ब्लाउज येणंही कमी झालं. मशीन कधीकधी अर्धा अर्धा दिवस गप असायचं आणि आम्हाला घरात कसंतरीच व्हायचं. बाबांनी एका संध्याकाळी सिद्धेश्वरचे मासे आणले, मायला फार आवडायचे, पण तिनं दोन घास खाऊन ताट सरकवलं. बाबा म्हणाले, "आपन बदली मागू. सोडू ही गल्ली." माय म्हणाली, "सोडू, पर चोरीचं नाव घिऊन न्हाई सोडायची. आता गेलं तर लोकं म्हनतील, पचवून गेली." आणि ती रडली. मायला मी त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. मला त्या वेळी सगळ्या कॉलनीचा असा तिटकारा आला की आजही त्या गल्लीतलं कुणी लग्नाकार्यात भेटलं की मी आधी पदर सारखा करते आणि मग हसते.

त्या साली पाऊस लांबला, पेरण्या रखडल्या. ह्याचा आमच्याशी काही संबंध असेल असं वाटायचं कारण नव्हतं. पण पाऊस झाला, पेरण्या उरकल्या, आणि एका दुपारी मथुराकाकू आमच्या मागच्या दारानं स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मायनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि काकूंनी तो घटाघटा रिकामा केला. मग कमरेची पिशवी सोडली. आत एकदाणी.

"गावाकडच्या जावंला पेरताना सापडली," काकू म्हणाल्या. "तिफनीमागं चाड्यावर बी सोडून राहिली हुती. ओटीतून मूठ भरली तर मुठीत ही." आणि मग सगळं सांगितलं, मुगाचं पोतं, जीप, सगळं. "मला त्याच दिशी समजलं हुतं बाई. लई येळा सांगाया गेले. हे ऐकून घेतेत का? मनलं गावाकडं जाऊन आनावी, तर म्हनले, घर सोडून कुठं निघालीस, चोर टपून बसलेत. मला त्याह्यचं भेव वाटलं. तुमची झडती झाली तवा मी दाराआड हुते."

काकू आणखी रडकुंडीला आल्या. "आता त्याह्यला दाखवली. तर म्हनतेत, कुनाला सांगायचं न्हाई. फौजदार काय म्हनंल, पेपरवाले काय म्हनतील. चोरी झालीच न्हाई म्हनून कळलं तर कॉलनीची इज्जत काय राहील?"

"कॉलनीची इज्जत," माय म्हणाली. "आन माझी?"

काकू एकदाणीचे मणी चाचपायला लागल्या.

"मी कुनाला सांगायची न्हाई," माय म्हणाली. "मी सांगितलं तर लोकं म्हनतील, चोर सांगून राहिला चोरी झाली न्हाई म्हनून. ज्याह्यचं गेलं त्याह्यनंच सांगावं. झेंड्याच्या दिशी सगळी जमतेत. गळ्यात घालून या."

पंधरा ऑगस्टला कॉलनीत झेंडावंदन असायचं. त्या वर्षी नानासाहेबांनी फौजदारांनाच पाहुणे म्हणून बोलावलं होतं, लाउडस्पीकर आणला होता, बुंदी केली होती. फौजदारांचं भाषण गुन्हेगारीवर. म्हणाले, "तुमच्या भागात गुन्ह्यांचं प्रमाण चिंता करावं इतकं वाढलंय. मागच्या साली एकबी गुन्हा नव्हता, यंदा एक हाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या शेजारचे गणिताचे मास्तर शून्यावरून एक म्हणजे किती टक्के वाढ ते बोटांवर काढत होते, त्यांना जमेना. मग नानासाहेब उठले. "चोर मोकळा हाय, पण कॉलनी खचली न्हाई," असं काहीतरी चाललं होतं. काकू बायकांच्या रांगेत, पदर हनुवटीपर्यंत ओढून. माय माझ्या शेजारी उभी होती, पांढरी साडी नेसून, तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. मला वाटलं, काकूंच्यानं काही होणार नाही. आणि काकूंनी पदर सोडला.

पहिल्यांदा एका बाईला दिसलं, मग चौघींना, मग भाषणच थांबलं. कुणीतरी म्हणालं, "काकू, एकदाणी?" नानासाहेबांनी माइक सोडला नव्हता. त्यांनी श्वासही घेतला नाही, म्हणाले, "नवी केली! गेली तर गेली, दुसरी केली!" आणि काय सांगू, लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. ज्याच्या घरी चोरी होते आणि जो लगेच दुसरी एकदाणी करतो, अशा माणसाला कॉलनीनं इतकी वर्षं ओळखलंच नव्हतं. मायनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं आता.

"नवी न्हाई," काकू म्हणाल्या. आवाज फाटका होता, पण टाळ्यांच्या मधल्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेला. "तीच हाय. मीच मुगाच्या बियात लपविली, ह्याह्यनी पोतं गावाकडं धाडलं. चोरी झालीच न्हाई. कमलबाईचं नाव ज्यानं ज्यानं घेतलं आसंल त्यानं इथंच माघारी घ्यावं. आदी मी घेते. मी तोंड न उघडून घेतलं हुतं."

आणि सगळ्यांदेखत त्यांनी मायचे हात धरले. फौजदार खोकले. नानासाहेबांनी माइक बंद करायला म्हणून जो खटका दाबला त्यानं तो किंचाळायला लागला. गणिताचे मास्तर हळूच म्हणाले, "म्हणजे प्रमाण परत शून्यावर," आणि पहिल्यांदा कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, नानासाहेबांवर, आणि बुंदी संपेपर्यंत हसत राहिले. सॉरी मात्र कुणी म्हणालं नाही. ती आपल्याकडची रीत नाही. आपल्याकडं माणूस चूक मान्य करत नाही, नुसता जरा जास्त गोड बोलतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोड बोलणं सुरू झालं. हरवलेली चावी सापडली होती, चावी मागणारं लेकरू एका रात्रीत शहाणं झालं होतं, गावाला जाणं बंद झालेल्यांना अचानक गावची ओढ लागली होती. "कमलबाई, ठिवा बरं चावी." आणि एकीनं तर स्वतःहून म्हटलं, "चहा टाकता का घोटभर?" मायनं सगळ्यांना चहा दिला. चाव्या मात्र कुणाच्याच घेतल्या नाहीत. म्हणाली, "आमीच निघालो. शिरड शहापूरला भावाकडं. आठ-पंधरा दिस ऱ्हाऊ." बायका चाव्या हातात घेऊन ओट्यावर तशाच उभ्या राहिल्या. मायनं पिशव्या बाहेर काढल्या, मशीनवर चादर टाकली, कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं आणि सरळ समोरच्या फाटकातून आत गेली. काकू तुळशीपाशी होत्या. मायनं आमची चावी त्यांच्या ओल्या हातात ठेवली.

काकूंचं तोंड एवढंसं झालं. "आमच्याकडं? आन कमलबाई, माघारी आल्यावर काही गेलेलं दिसलं तर?"

"तर आदी आमचं डाळ-दाणं धुंडीन," माय म्हणाली. "मंग तुमचं नाव घेईन."